पोळ्याच्या दिवशीची अर्धी घटी

आता जे लिहितो आहे ते मी आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं ते आबा तर मला एका शब्दानं न विचारता गेले. ज्या वर्षी ऐन पोळ्याच्या दिवशी सूर्यग्रहण आलं, त्या वर्षी आमच्या गावात ग्रहण सुटल्याची, मोक्षाची घंटा अर्धी घटी आधी वाजली. ती चूक आबांची नव्हती, माझी होती. लिहिताना दोन ओळींत मावलं. बोलायला मात्र तीस वर्षांत तोंड उघडलं नाही, आणि यासाठी मी दुसऱ्या कुणावर चिडू शकत नाही, हीच सगळ्यांत मोठी चीड आहे.

आमचं गाव अकोल्यापासून दोन कोसांवर. आबा, म्हणजे माझे वडील, गावचे जोशी. मुहूर्त काढणं, पत्रिका करणं, पाडव्याला चावडीवर पंचांग वाचून दाखवणं हे त्यांचं काम. पण त्यांना खरा नाद होता तो दिवसांचा. पंचांगाच्या प्रत्येक पानाच्या समासात ते बोरूनं त्या त्या दिवशी घडलेली गोष्ट बारीक अक्षरात लिहून ठेवत. 'आज आगगाडी अकोल्यास आली. बैल बुजले, माणसेही बुजली.' 'आज तारेचे खांब नदी ओलांडून गेले.' 'अमेरिकेतील लढाई थांबल्याचे वर्तमान. पेठेत सामसूम.' लग्नं, मरणं, गारपीट, वाघ दिसला तो दिवस, सगळं त्या समासात. ते म्हणत, तिथी दरवर्षी येते, पण तिच्यावर काय घडून गेलं हे कुणी लिहिलं नाही तर ती रिकाम्या हातानं येते. संध्याकाळी ओसरीवर बसून ते गेल्या वर्षीचं, त्याच्या आधीचं पंचांग काढत आणि आज काय काय झालं होतं ते आईला वाचून दाखवत. आई ज्वारीच्या कण्या पाखडत असायची. मध्येच म्हणायची, "त्या दिवशी माझा हात भाजला होता, ते नाही लिहिलंत." मग आबा बोरू घेऊन तेही लिहीत.

कापसाचे ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून खरं वाटत नाही. समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. घरोघर रेचे चालत, सरकी वेगळी करणाऱ्या त्या लाकडी लाटांची कुईकुई झोपेतसुद्धा कानात राही, आणि अंगणात, केसांत, ताकाच्या भांड्यावर, सगळीकडे पांढरी लव. लढाई थांबली, भाव उतरला, तरी लोकांची ऐट लगेच उतरली नव्हती. पितळेच्या शेंब्या काढून बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्याच लाटेत मी अकोल्याच्या तारऑफिसात चिकटलो. वय विशीचं, दोन अक्षरं इंग्रजी येत होतं, बोट चपळ होतं. कापसाचे भाव त्या तारेवरून कट्ट-कट्ट करत येत आणि बाहेर दलाल माना उंच करून उभे असत. त्यांतला एक दलाल मुंबईला परत जाताना माझ्या कामावर खूश होऊन आपलं खिशातलं घड्याळ मला देऊन गेला. गावात तोवर घड्याळ नव्हतं. मी रविवारी घरी आलो की पोरं तर पोरं, म्हातारेही ते कानाला लावून बघत. पाटील म्हणाले होते, "बामनाचं पोट्टं वेळ खिशात घालून हिंडते." मला ते फार आवडलं होतं.

हे घड्याळ मी तारऑफिसातल्या घड्याळाशी जुळवत असे. तारऑफिसातलं घड्याळ मद्रासेहून रोज दुपारी येणाऱ्या इशाऱ्यावर लावलेलं. सारी तार एकाच वेळेवर चालावी म्हणून मद्रासची वेळ सगळीकडे. मद्रास आमच्या पूर्वेला, तिथं सूर्य आधी उगवतो, म्हणून ते घड्याळ आमच्या सूर्याच्या तेरा मिनिटं पुढं. हे मला कामावर लागलो त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या बाबूंनी सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं आणि त्या सकाळी आठवलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात आणि त्यांना आवतन देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्या वर्षी सगळा घोळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण, म्हणून रात्रीपासून वेध, चूल बंद. आईनं दुधावर, लोणच्यावर, पाण्यावर तुळशीची पानं ठेवली आणि पुरणाची डाळ भिजवायची राहिली म्हणून ती कुरकुरत होती. मागच्या बागेतला किसन माळी बैलाच्या खांद्याला हळद लावताना म्हणाला, "उद्या जेवाले या, पन जरा उशिरा या गा. तुमच्या देवालेच गिरान लागलं." सगळे हसले. त्याची बायको यमुना हसली नाही. तिला सातवा महिना होता. आधीची दोन पोटात टिकली नव्हती. माझी आई तिला रोज ताक द्यायची, आणि यमुनेनं त्या आठ दिवसांत आबांना तीनदा येऊन वेळ विचारली होती. त्या संध्याकाळी चौथ्यांदा आली. ग्रहणात गरोदर बाईनं काही कापलं की मुलाचा ओठ फाटतो, हे तिच्या सासूनं तिच्या मनात खिळ्यासारखं ठोकलं होतं.

"महाराज, घंटी वाजल्याबिगर म्या उंबऱ्याभायेर पाय ठेवत नाही," ती म्हणाली. "तुमी सांगाल तवाच."

आबा म्हणाले, "सूर्य वर आल्यापासून अकरा घटिका. मी एक एक मोजीन, पोरी. तू निर्धास्त बस."

घटिका मोजायचं त्यांचं साधन म्हणजे तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला केसाएवढं भोक. पाण्यानं भरलेल्या गंगाळात ती वाटी सोडायची. पाणी भरून ती बुडाली की एक घटी झाली, तुमची चोवीस मिनिटं. बुडाली की उचलायची, रिकामी करायची, परत सोडायची, आणि एक चिंचोका डावीकडून उजवीकडे ठेवायचा. सगळं अवलंबून पहिली वाटी कधी सोडली यावर. ती सोडायची सूर्याचं बिंब अर्धं वर आल्यावर.

सकाळी आभाळ गच्च. पूर्व कुठं आहे तेवढंसुद्धा कळेना. आबा स्नान करून ओल्या पंच्यानं देवळाच्या अंगणात उभे, हात पुढं करून तळवा बघत. ढगाळ दिवसाची त्यांची जुनी रीत अशी होती की तळहातावरच्या बारीक रेषा नीट दिसू लागल्या की सूर्य वर आला समजायचं. मी घड्याळ काढलं. पंचांगातल्या दिनमानाचं अर्धं करून, दुपारच्या बारांतून वजा करून, मी रात्रीच हिशोब करून ठेवला होता. सूर्योदय पावणेसहाला. हिशोब बरोबर होता. आजही मी तो करून बघतो, बरोबरच येतो.

"आबा, सोडा," मी म्हणालो. "झाली वेळ."

"रेषा दिसत नाहीत अजून."

"घड्याळ दिसतंय ना. तारेवरचं आहे."

त्यांनी एकदा तळव्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी कधी विसरणार नाही, कारण तो कौतुकाचा होता. त्यांनी हात खाली केला आणि वाटी पाण्यात सोडली. माझा पावणेसहा मद्रासचा होता. आमच्या गावचा सूर्य अजून तेरा मिनिटं जमिनीखाली होता.

मग आबांनी मोजलं. मी देवळाच्या पायरीवरून त्यांच्याकडे बघत होतो. गंगाळ देवळाच्या ओवरीत आणून ठेवलं होतं, घंटेपासून चार पावलांवर. त्यांनी डोळा मिटला नाही, मान वळवली नाही, कुणाशी बोलले नाहीत. ओठ जपात हलत होते आणि बोटं चिंचोक्यांवर. सात चिंचोके झाले, साडेसात म्हणावे अशी वाटी अर्धी भरली. पंचांगाप्रमाणे तो ग्रहणाचा मध्य. उजेड म्हणावा तेवढा उतरला नव्हता. तो उतरला थोड्या वेळानं. देवळासमोरच्या कडुनिंबावर कावळे परत येऊन बसले, एक कोंबडी खुराड्याकडे धावली, अंगावर पाऊस यायच्या आधीसारखा गारवा आला, आणि सारं गाव राखाडी झालं. आबा पुटपुटले, "अंधार उशिरा आला." मी म्हणालो, ढगांमुळे तसं वाटतं. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

अकरावी वाटी बुडाली. आबांनी अकरावा चिंचोका उजवीकडे ठेवला आणि मला मान हलवून खूण केली. मी दोर ओढला. घंटा वाजताच गावाच्या कडेनं 'दे दान, सुटे गिरान' सुरू झालं, दारं उघडली, विहिरीवर पोहरे आदळले. बैलांच्या हारांची फुलं किसनच्या बागेतून जायची आणि ग्रहणात काही कापायचं नाही म्हणून सकाळ सगळी वाया गेली होती. देवळाच्या पायरीवरून त्यांची बाग दिसते. सासूचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "ऊठ वो, सुटलं गिरान. हार कवा होतीन?" तिनंच यमुनेच्या हातात विळा दिला. यमुना उंबऱ्याबाहेर आली, वाफ्यात बसली आणि तिनं दोन-तीन मुठी फुलं देठांसकट कापली.

तेव्हा ढग फाटला. पूर्ण नाही, पातळ झाला, इतका की उघड्या डोळ्यांनी सूर्य बघता यावा. आणि बघितला सगळ्यांनी. कडेला एक चावा बाकी होता, पोरानं भाकरीला घ्यावा तेवढा. कुणीतरी म्हणालं, "आजून हाये." मग दुसऱ्यानं म्हटलं, मग सगळीकडून तेच. यमुनेनं आधी वर बघितलं, मग आपल्या हातातल्या विळ्याकडे. तिनं तो टाकला नाही. तशीच धरून बसली, जणू टाकला तर आवाज होईल.

मी दोर हातात धरून उभा होतो आणि त्या क्षणी मला मद्रास आठवलं. उशिरा नाही, दुसऱ्या दिवशी नाही. त्याच क्षणी.

पाटील देवळाशी आले. रागावलेले नव्हते, उलट जरा गमतीतच होते. "काहून महाराज, घटी मोजता मोजता डोया लागला का?" लोक हसले.  आबा चिंचोके मोजत होते. अकरा. परत मोजले. अकरा. मग म्हणाले, "चुकलं असेल. मीच मोजत होतो." मी खिशातल्या घड्याळावर हात ठेवला. कुणालाही त्या घड्याळाची आठवण नव्हती, अगदी आबांनाही. इतका त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. चूक शोधताना ते त्या बाजूला फिरकलेच नाहीत.

संध्याकाळी पोळा फुटला. तोरणाखाली बैल उभे राहिले, चांदीच्या शेंब्या चमकल्या, आईनं घाईघाईत पुरण शिजवलं ते जरा करपलं. मी दोन पोळ्या खाल्ल्या. हेही लिहितो, कारण मला भूक लागली होती आणि मी खाल्ल्या.

दोन महिन्यांनी यमुनेला मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. दूध ओढता येईना. माझी आई कापसाच्या वातीनं थेंब थेंब पाजायला जायची. गावात एकच बोलणं. अर्धं गाव म्हणे, जोशानं घात केला. सासू म्हणे, जोशी म्हातारा झाला, पण हिला वर मान करून बघता येत नव्हतं का, हारांची घाई नडली हिला. ज्या हातानं विळा दिला तो हात ती बोलताना नाचवायची.  मग एक दिवस किसननं दमणी जुंपली, यमुनेला माहेरी पोचवायचं ठरलं, अमरावतीला. पोचवायचं म्हणजे कायमचं, हे सगळ्यांना कळत होतं. दमणी आमच्या दारावरून निघाली आणि तिनं ती थांबवायला लावली. मी रजेवर घरी होतो. पोर पदराखाली होती.

"भाऊ, घंटी तुमीच वाजवली ना?" तिनं विचारलं. "सांगा न माह्या सासूले. घंटी झाल्यावरच निगाली ना मी?"

सासू शेजारी उभी होती. आबा ओसरीवर. आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, लहान होतं. मी म्हणालो, "आबांनी खूण केली तेव्हा वाजवली."

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी इतकं खरं आणि इतकं नीच आयुष्यात दुसरं काही बोललो नाही. यमुनेनं आबांकडे बघितलं. आबांनी हात जोडले, एका माळणीला, सगळ्यांसमोर. दमणी गेली.

त्यानंतर स्वच्छ आभाळ असलं की आबा पहाटे गंगाळ घेऊन बसत. सूर्याचं बिंब दिसलं की वाटी सोडत, आणि दुपारी सावली सर्वांत आखूड होईपर्यंत किती वाट्या बुडतात ते मोजत. मला ते बघवेना म्हणून एकदा मी म्हणालो, भोक झिजून मोठं झालं असेल, वाटी लवकर बुडत असेल. त्यांचे डोळे उजळले. आठ दिवस त्यांनी ते तपासलं. मग मला म्हणाले, "वाटी बरोबर आहे रे वामन. मग मीच." दया म्हणून दिलेल्या त्या खोट्यानं शेवटची वाटही बंद केली. लोक मुहूर्ताला पेठेतल्या दुसऱ्या जोशाकडे जाऊ लागले होतेच. आबांनी वाटी पालथी करून माळ्यावर ठेवली आणि समासात लिहिणंही थांबवलं. चार वर्षांनी गेले.

त्या ग्रहणाबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं. त्या दिवशी दक्षिणेत, जिथं सूर्य पुरता झाकला गेला, तिथं साहेबलोक समुद्रापलीकडून दुर्बिणी घेऊन आले होते. सूर्याच्या कडेच्या उजेडात त्यांना एक पिवळी रेघ दिसली. पृथ्वीवर कुणी न पाहिलेल्या पदार्थाची ती खूण होती, आणि आता तर तो पदार्थ पृथ्वीवरही सापडला असं छापून आलं आहे. ज्या तिथीवर जगाला सूर्यातलं नवीन द्रव्य मिळालं त्या तिथीवर मी आमच्या गावात काय केलं हे कुठं छापून येणार नाही. मी स्वतः, बदली होत होत जिथं जिथं गेलो तिथं, ग्रहण म्हणजे नुसती सावली, सावलीनं ओठ फाटत नाही, असं व्याख्यान देत आलो. अकोल्यात दिलं, धामणगावला दिलं, शाळांत दिलं. लोक म्हणत, जोशाचा मुलगा असून केवढा सुधारक. ते सगळं खरं आहे, मी आजही त्यावर ठाम आहे, आणि ते मी मुख्यतः स्वतःसाठी बोलत होतो. सावलीनं ओठ फाटला नाही म्हणजे माझ्या तेरा मिनिटांनी काही झालं नाही, असा तो डाव होता. पण ओठ कशानं फाटला हा प्रश्न यमुनेनं मला विचारलाच नव्हता. तिनं विचारलं होतं, घंटी झाल्यावरच निघाली ना मी.

यंदा पौषातल्या अमावास्येला पुन्हा सूर्य झाकला, आणि या वेळी पुरता, आमच्याच भागावरून. पुलगावला साहेबांचे तंबू पडले. त्यांच्या पेट्या, मी आता जिथं तारबाबू आहे त्या स्टेशनावरून गेल्या आणि त्यांतला एक साहेब माझ्याकडे येऊन विचारता झाला, तुमचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे. मद्रासच्या, मी म्हणालो. त्यानं लगेच वहीत इथला फरक मांडून घेतला. दोन आकडे, एक वजाबाकी. इतकंच होतं ते. भर दुपारी तारे दिसले, सगळे वर बघत होते आणि मी प्लॅटफॉर्मवर घड्याळाकडे बघत होतो.

दुसऱ्या आठवड्यात अमरावतीला गेलो. देवीच्या देवळाबाहेर यमुनेची मुलगी फुलं विकते, हे मला अनेक वर्षं माहीत आहे. तिशीची बाई आहे. बोलणं जरा नाकातलं, पण जीभ तिखट. एकानं फुलं शिळी म्हटली तर त्याला म्हणाली, "तुमचा देव तरी कुठं ताजा हाये?" मागे गोणपाटावर यमुना बसून हार ओवत होती, केस पांढरे. मी हार घेतला. यमुनेनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, ओळखलं की नाही कळलं नाही. मी "किती झाले" एवढं विचारलं आणि पुढे गेलो. तीस वर्षांनी त्या बाईशी मी बोललो ते एवढंच.

आबांची पंचांगं माझ्यापाशी आहेत. त्या दिवसाच्या समासात त्यांच्या अक्षरात आहे, 'सूर्यग्रहण. मोक्षास अर्ध्या घटीचे अंतर पडले. दोष गणकाचा.' गणक मी होतो. त्या ओळीखाली काल मी घड्याळाची गोष्ट लिहिली, शाई वाळू दिली, पान मिटलं. त्यानं आबांचं काही फिटलं नाही, मेलेल्या माणसाला समास वाचता येत नाही. पण यमुना जिवंत आहे, अमरावतीला आहे, सकाळी देवळाबाहेर भेटते. तू घंटा झाल्यावरच निघालीस आणि घंटा चुकली ती माझ्यामुळे, हे तिच्या मुलीसमोर तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.